टीएम ९-८०३ : एक रसग्रहण

समीक्षा हा प्रांत माझा नव्हे. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. आमच्या अभ्यासक्रमात 'रस' हा शब्द साखर कारखान्याच्या ताळेबंदाबाहेर कुठे भेटला नाही. पुढे बँकेत चिकटल्यावर कागदाकडे बघायची जी नजर तयार झाली तीही अशी, की कविता समोर आली तरी मी आधी खाली सही आहे का ते पाहतो. तरीसुद्धा मध्यंतरी मी एक पुस्तक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलं. त्यातले काही उतारे तीन-तीनदा वाचले, एका उताऱ्यापाशी तर रात्री दीड वाजता अंथरुणात उठून बसलो. आणि त्या उताऱ्यामुळे आमच्या घरातला एक ठरलेला व्यवहार मोडला. एवढं सामर्थ्य अलीकडच्या किती पुस्तकांत आहे, तुम्हीच सांगा. म्हणून हा खटाटोप.

पुस्तकाचं नाव 'टीएम ९-८०३'. वाचकाला उगीच लगट करू द्यायची नाही, हे लेखकाने नावातच ठरवून टाकलेलं दिसतं. टीएम म्हणजे टेक्निकल मॅन्युअल. प्रकाशक अमेरिकेचं युद्धखातं, प्रकाशन दिनांक २२ फेब्रुवारी १९४४. विषय : पाव टनी, चारही चाकांना जोर असलेला ट्रक. म्हणजे आपली जीप. विलीज कंपनीची एमबी आणि फोर्ड कंपनीची जीपीडब्ल्यू या दोन जुळ्या बहिणी. महायुद्ध संपेपर्यंत दोन्ही माहेरांहून मिळून सहा लाखांवर जीपा बाहेर पडल्या. पुस्तकावर लेखकाचं नाव नाही. नाव आहे ते सेनाप्रमुख जनरल जॉर्ज मार्शल यांचं. या मार्शलसाहेबांना पुढे १९५३ साली शांततेचं नोबेल मिळालं. साहित्याचं त्या वर्षी चर्चिलसाहेबांना गेलं. लढाईच्या माणसांचा तो मोसमच होता म्हणायचा.

युद्ध संपल्यावर इकडे उरलेल्या पुष्कळ जीपा लिलावात निघाल्या. त्यातलीच एक फिरत फिरत तिसऱ्या हाताने आमच्या आजोबांकडे, वाईला आली. स्टिअरिंग डावीकडे, हेडलाइटं सहा व्होल्टची, म्हणजे अंधार किती आहे ते नीट दिसावं एवढ्यापुरती. गाडीबरोबर हे पुस्तकही आलं. माझ्या हाती पडलं तेव्हा पहिल्या काही पानांची समीक्षा वाळवीने आधीच करून ठेवली होती. ती माझ्यापेक्षा सखोल होती, हे मान्य करतो.

आता हे पुस्तक मी का उघडलं, ते सांगायला हवं.

आमचे अण्णा ७९ वर्षांचे. आजोबांनंतर जीप त्यांची. गेली दोन वर्षं जीप खालून ऑइल गाळत होती. आधी थेंब, मग डाग, मग थारोळं. घाट चढून आली की जास्त. ऑइल भरायच्या नळीचं झाकण उघडलं तर आतून भपकन धूर यायचा. मिस्त्रींनी कान लावला, नाक लावलं आणि निदान केलं : "रिंगा गेल्या अण्णा, आतून दाब येतोय. इंजिन उतरवून बांधायला लागंल." खर्चाचा आकडा त्यांनी हळू आवाजात सांगितला. डॉक्टर नातेवाइकांना बाहेर बोलावून सांगतात ना, तसा. घरात बैठक बसली. आमच्या हिने विचारलं, "अहो, एवढ्यात नवी स्कूटर नाही का येणार?" माझ्या मुलीने जुन्या गाड्या घेणारा एक पुण्याचा गृहस्थ शोधून काढला. तो आला, जीपभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि पंधरा दिवसांनी ट्रक घेऊन येतो म्हणाला.

अण्णा म्हणाले, "विकून टाका."

मला खटकलं ते हेच. जेवणात मीठ कमी पडलं तर त्यावर पाऊण तास बोलणारा हा माणूस साठ-पासष्ट वर्षांची सोबत दोन शब्दांत संपवतो म्हणजे काय? पण तेव्हा मी काही बोललो नाही. रात्री झोप येईना, म्हणून पुस्तक उघडलं. झोप येण्यासाठी याहून योग्य पुस्तक नाही अशी माझी समजूत होती. इथे पहिला अपेक्षाभंग झाला.

आता शैलीविषयी. हे पुस्तक आदीपासून अंतापर्यंत आज्ञार्थात आहे. हे काढा, ते पुसा, अमुक तपासा. 'कदाचित' नाही, 'साधारणपणे' नाही, आणि लेखकाच्या बालपणीच्या आठवणी तर औषधालाही नाहीत. कुणी म्हणेल, हे रूक्ष आहे. पण ज्याच्यासाठी ते लिहिलंय तो वाचक डोळ्यांपुढे आणा. वय एकोणीस-वीस, काल-परवापर्यंत शेतावर नाहीतर दुकानात. आज परक्या मुलखात, चिखलात, बंद पडलेल्या गाडीपाशी उकिडवा बसलेला. त्याला विशेषणं काय कामाची? लेखक त्याला मूर्ख समजत नाही आणि त्याला काही ठाऊक आहे असंही धरून चालत नाही. ही तारेवरची कसरत सोपी नाही. आमच्याकडे जी परिपत्रकं येतात त्यांचा लेखक वाचकाला एकाच वेळी सर्वज्ञ आणि लबाड समजतो. त्यामुळे परिपत्रक वाचून आजवर कुठलीही गाडी सुरू झालेली नाही.

रचनेबद्दल बोलायचं तर लेखकाने दिवसाचे चार प्रहर पाडले आहेत : गाडी काढण्यापूर्वी, गाडी चालवताना, वाटेत थांबल्यावर आणि परत आल्यावर. प्रत्येक प्रहराची वेगळी पूजा. शिवाय दुरुस्तीच्या पायऱ्या आखून दिल्या आहेत. एवढं काम ड्रायव्हरने करायचं, एवढं तुकडीच्या मेकॅनिकने, त्यापुढचं वरच्या कारखान्याकडे पाठवायचं. मंजुरीचे अधिकार कुणाला किती, ही भानगड बँकेतल्या माणसाला सांगावी लागत नाही. फरक इतकाच, की इथे वरच्याकडे पाठवलेली गाडी दुरुस्त होऊन परत येते असं लेखकाने गृहीत धरलंय. एवढा आशावाद मला फक्त भक्तिसाहित्यात आढळला आहे.

आणि आता तो उतारा. जेमतेम अर्ध्या पानाचा. इंजिनाच्या श्वासाचा.

तांत्रिक भाग आहे, पण घाबरू नका. मीसुद्धा वाणिज्यचाच आहे. पिस्टनच्या रिंगा कितीही घट्ट असल्या तरी प्रत्येक स्फोटातला थोडा वायू त्यांच्या कडेने निसटून खाली चेंबरमध्ये उतरतो. त्यात न जळलेलं पेट्रोल असतं, पाण्याची वाफ असते. तो तिथेच कोंडला तर दोन गोष्टी होतात. एक, ऑइलचा काळा चिखल होतो. दुसरी, आत दाब वाढतो आणि तो दाब जिथे फट सापडेल तिथून ऑइलला बाहेर ढकलतो. पूर्वीच्या मोटारींत यावर सोपा उपाय असे : एक उघडी नळी खाली रस्त्याकडे सोडून द्यायची. गाडी पळाली की वाऱ्याने घाण वाफ ओढली जायची आणि पाठीमागून चालणाऱ्यांच्या नाकात जायची. पण जीपला ओढ्यातून, धुळीतून, वाळूतून जायचं. पोटाखाली उघडी नळी ठेवून कसं भागणार? म्हणून जीपमध्ये बंद व्यवस्था केली. एअर क्लीनरमधून गाळलेली हवा एका होजने ऑइल भरायच्या नळीत येते, तिथून चेंबरमध्ये फिरते, घाण वाफ सोबत घेते, आणि टॅपेटच्या झाकणातून दुसऱ्या नळीने इनटेक मॅनिफोल्डमध्ये जाऊन पुन्हा इंजिनात जळते. या बाहेर जाणाऱ्या वाटेवर एक झडप बसवलेली असते. बोटभर लांबीची. आत एक छोटा दट्ट्या आणि एक स्प्रिंग. संपलं.

ही झडप म्हणजे या पुस्तकाची नायिका. तिचा स्वभाव बघा. इंजिन नुसतं गुरगुरत उभं असतं तेव्हा मॅनिफोल्डची ओढ जबर असते. त्या ओढीने दट्ट्या खेचला जातो आणि वाट अरुंद होते. घाटात तुम्ही ॲक्सिलरेटर दाबला की ओढ कमी होते. मग स्प्रिंग दट्ट्याला मागे सारते आणि वाट मोठी होते. ज्याला फार ओढ त्याला थोडं द्यायचं, आणि ज्याला तितकीशी ओढ नाही त्याच्यासाठी दार सताड उघडायचं. कर्जवाटपाचं हे धोरण आमचंच आहे असं मी समजत होतो. १९४४ साली ते एका झडपेला अवगत होतं. आणि इंजिनाने उलटा भडका मारलाच, तर ती दार गच्च बंद करून घेते. आग घरात शिरू देत नाही. तात्पर्य, सोशीक आणि प्रसंगी करारी. जुन्या कादंबऱ्यांतल्या थोरल्या सूनबाई अशाच असत.

हिची पुढची कीर्तीही ऐकून ठेवा. लॉस एंजेलिसचं धुरकं मोटारींच्या वाफांपासून बनतं हे हागेन-स्मिट नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने १९५०च्या सुमारास दाखवून दिलं. मग शोधाशोध झाली आणि असं आढळलं, की त्या वाफांतला मोठा वाटा धुराड्यातून नव्हे, तर या उघड्या नळीतून येतो. कॅलिफोर्नियात १९६१च्या नव्या मोटारींना ही बंद व्यवस्था बसवून यायला लागली, आणि १९६३पासून ती साऱ्या अमेरिकेत झाली. रणांगणावर धूळ टाळायला आणलेली झडप शहराची हवा राखायला लागली. निवृत्तीनंतर इतकं चांगलं काम फार थोड्या सैनिकांना मिळतं.

पण वाचकहो, दट्ट्या झिजला की तो तिरका होतो, तिरका झाला की काळ्या चिखलात अडकतो, आणि एकदा का अरुंद वाटेवरच अडकून बसला की श्वास कोंडतो. लक्षणं : झाकणातून धूर, खाली थारोळं, घाटात जास्त. रात्री दीड वाजता मी उठून बसलो तो इथे.

सकाळी मिस्त्रींना फोन केला. मिस्त्री मौखिक परंपरेचे. धुराच्या वासावरून ते पिस्टनची जन्मतिथी सांगतात. त्यांचा मला आदर आहे. ते म्हणाले, "साहेब, तो ब्रीदर. तो कोण बघतंय? मी पाहिलेल्या निम्म्या जीपांत तो काढूनच टाकलाय." मौखिक परंपरेचं हेच होतं. मधल्या एका पिढीने एक ओवी गाळली, की पुढच्यांना ती होती हेच ठाऊक नसतं.

नवी झडप दिल्लीच्या काश्मिरी गेटातून कुरियरने आली. किंमत म्हणाल तर आमच्या कुटुंबाने एकदा मिसळ खाल्ली तर होईल एवढी. चौथ्या शनिवारी बँकेला सुट्टी. मिस्त्रीही आले, म्हणाले, "बघू तरी काय करताय." अण्णा अंगणात खुर्ची टाकून बसले. वर्तमानपत्र उघडं होतं, पण पान उलटत नव्हतं.

पुस्तकाप्रमाणे हे काम काही मिनिटांचं. नळीचे नट सोडवायचे, नळी काढायची, झडप फिरवून काढायची. पुस्तकाचा पहिला दोष इथे सापडतो. लेखकाच्या कल्पनेतली जीप कालच कारखान्यातून आलेली आहे. तिचा नट हलतो. आमचा नट सरकारी जमिनीवरच्या कुळासारखा पिढ्यान्‌पिढ्या बसलेला. आदल्या रात्री गंज सुटायचा स्प्रे मारून ठेवला होता. तरी पाना दोनदा निसटला, आणि माझ्या डाव्या हाताच्या तीन बोटांची सालं मॅनिफोल्डला अर्पण झाली. शेवटी मिस्त्रींनी पाना माझ्या हातून घेतला, त्याच्या दांड्यावर हातोडीचे हलके दोन ठोके मारले आणि नट सुटला. पुस्तकात हे ठोके नाहीत. लेखी परंपरेनेही एक ओवी गाळलेली असू शकते, अशी नोंद मी तिथल्या तिथे मनात केली.

झडप निघाली. दट्ट्या एका बाजूने झिजून तिरका बसलेला, भोवती डांबर. मिस्त्रींनी ती हलवून पाहिली, फुंकून पाहिली, आणि काही न बोलता माझ्या हातात ठेवली. तज्ज्ञाचं मौन हा सर्वांत मोठा अभिप्राय असतो. नळी रॉकेलने धुतली, तारेने साफ केली, नवी झडप बसवली. फार आवळायची नाही. बीड आहे, आटे जातात.

मग हवा आत येण्याची वाट तपासायला गेलो. ऑइल भरायच्या नळीला बाजूला एक तोटी असते, तिला एअर क्लीनरकडून होज यायला हवी. होज नव्हती. तोटीत लाकडाची एक खुंटी ठोकलेली होती. काळी, गुळगुळीत आणि सुबक. नीट तासून, किंचित निमुळती करून बसवलेली. हे कुणा येरागबाळ्याचं काम नव्हतं.

"हा उद्योग कुणाचा?" मी विचारलं.

मिस्त्री आभाळाकडे बघायला लागले. वर्तमानपत्रामागून आवाज आला, "माझा."

मी अण्णांकडे गेलो. त्यांनी पेपर घडी करून मांडीवर ठेवला. "पसरणीच्या घाटात होज फाटली. १९८६ साल. पाऊस होता. आत पाणी जाईल म्हणून मारली. बाभळीची आहे." थोडं थांबून म्हणाले, "तू मागच्या सीटवर झोपला होतास. आठ वर्षांचा होतास."

"मग होज परत का नाही बसवलीत?"

"गाडी चांगली चालली की. मग राहिलंच." आणि मग हळूच, जमिनीकडे बघत, "मिस्त्री म्हणाले ना, आतून दाब येतोय. तेव्हाच मला खुंटी आठवली. म्हटलं, आपणच मारलं इंजिन. वडलांची गाडी. म्हणून म्हटलं, विकून टाका."

पुस्तकाचा दुसरा दोष इथे. दोनशेहून अधिक पानं, थंडीत काय करावं, उन्हात काय करावं, वाळूत चाकं रुतली तर काय करावं, सगळं आहे. ७९ वर्षांचे वडील अंगणात खुर्चीवर बसून गुन्हा कबूल करतात तेव्हा काय करावं, यावर एक ओळ नाही. आज्ञार्थात लिहिणाऱ्या लेखकाची मर्यादा इथे स्पष्ट होते.

मी मग मला येत होतं तेच केलं. हिशेब मांडला. म्हटलं, "अण्णा, ऐका. वाटा दोन होत्या, एक आत येण्याची, एक बाहेर जाण्याची. तुम्ही आतली बंद केलीत १९८६ला. पण बाहेरची चालू होती, म्हणून दाब साचला नाही. पस्तीस वर्षं गाडी त्याच्यावर चालली. मग झडप म्हातारी झाली आणि दुसरी वाटही बुजली. मग गळती. खुंटीच्या नावावर थोडं नावे पडेल, नाही असं नाही. ऑइल लवकर काळं झालं असेल. पण इंजिन तुम्ही मारलेलं नाही."

"नक्की?"

"पुस्तकात आहे," मी म्हणालो. हे तसं पूर्ण खरं नव्हतं. पुस्तकात बाभूळ नाही. पण त्या क्षणी मला छापील आधार हवा होता, आणि जनरल मार्शल यांची सही पाठीशी होती.

खुंटी काढायला दोघांना जोर लावावा लागला. अण्णांनी ती शर्टाला पुसून खिशात घातली. होज नवी कापून बसवली आणि इंजिन सुरू केलं. दहा मिनिटं तापू दिलं. मग झाकण काढून, होज चिमटीत धरून, ऑइलच्या नळीच्या तोंडावर माझ्या खिशात नेहमी असते ती पैसे काढायची स्लिप ठेवली. पूर्वी ती उडाली असती. आता ती हळूच तोंडाला चिकटली आणि मध्यभागी किंचित खळगा पडला. गाडी श्वास आत घेत होती. मिस्त्रींनी स्लिप दोनदा उचलून परत ठेवून पाहिली. मग म्हणाले, "साहेब, त्या पानाची एक झेरॉक्स द्या मला."

कुठल्याही लेखकाला याहून मोठा पुरस्कार मिळू शकेल असं मला वाटत नाही.

समीक्षकाने प्रामाणिक राहावं म्हणतात, म्हणून सांगतो : गळती पूर्ण थांबलेली नाही. या इंजिनाच्या मागच्या बाजूला दोरीचं पॅकिंग असतं, ते थोडं गाळतंच. पण आता थारोळं नाही. रात्रीत दोन थेंब, फार तर तीन. सकाळी अण्णा खाली कागद ठेवून मोजतात आणि वहीत लिहितात. रिंगाही झिजल्या असतीलच, त्यात मिस्त्री चुकलेले नाहीत. पण इंजिन उतरवायची घाई आता कुणालाच नाही.

पुण्याच्या गृहस्थाचा फोन आला तेव्हा तो अण्णांनीच उचलला. म्हणाले, "तूर्त जमायचं नाही. पुस्तक वाचायचं राहिलंय."

आणि खरंच राहिलंय. अण्णांना एवढं इंग्रजी झेपत नाही, म्हणून मी शनिवार-रविवार वाईला गेलो की पान पान वाचून त्यांना मराठीत सांगतो. विश्वकोशाचं गाव आहे, त्यामुळे प्रतिशब्द शोधायला दोघांनाही हुरूप येतो. सध्या कडाक्याच्या थंडीत गाडी कशी चालवावी हे प्रकरण चालू आहे. वाईला बर्फ पडत नाही. मी दोन पानं गाळून पुढे जाणार होतो.

"गाळू नको," अण्णा म्हणाले. "मागं एकदा गाळून बघितलंय."